क्रोमच्या खोबणीतील रंग : बंगळूरच्या एका उपेक्षित कसबाचा वृत्तान्त

मोटारगाडीचा इतिहास सांगणारे लेखक बहुधा तिच्या यंत्रापासून आरंभ करतात, आणि अश्वशक्ती, वेग, किंमत व निर्मात्यांमधील चढाओढ यांच्या हकीकतींनी ग्रंथच्या ग्रंथ भरून काढतात. परंतु ज्या अलंकरणामुळे ती गाडी रस्त्यावरच्या सामान्य मनुष्याच्या नजरेत भरली व तिच्याविषयी त्याच्या मनात कौतुक उत्पन्न झाले, त्या क्रोमच्या चकाकीचा, आणि त्याहीपेक्षा त्या चकाकीच्या खोबणींत, अक्षरांत व नक्षीत भरलेल्या काळ्या, तांबड्या, निळ्या रंगाचा वृत्तान्त लिहून ठेवावा असे फारच थोड्यांना वाटले. हा रंग मापाने अल्प, किमतीने क्षुद्र आणि स्थानाने दुर्लक्षित असतो. तो काळाच्या ओघात सर्वांत आधी झिजतो आणि जीर्णोद्धाराच्या वेळी सर्वांत शेवटी आठवतो. तथापि गाडी घडविणाऱ्याने ती कोणत्या रूपात जगासमोर ठेवली होती, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा याच अल्प रंगात दडलेले असते, असे माझे मत आहे. या मताच्या समर्थनार्थ बंगळूर नगराची निवड करण्याचे कारण असे की, मोटार बनविण्याचा मोठा कारखाना ज्या नगराला मिळता मिळता राहिला, त्याच नगराने पुढे जुन्या मोटारी जतन करण्याचे कसब मोठ्या निष्ठेने आत्मसात केले. आणि त्या घटनाक्रमात मराठी वाचकाला आपली वाटावीत अशी अनेक नावे गुंतलेली आहेत.

प्रथम या कामाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या एखाद्या गाडीसमोर उभे राहून तिचा दर्शनी भाग बारकाईने न्याहाळला, तर असे आढळते की ज्याला आपण सरसकट क्रोम म्हणतो तो भाग सगळाच चकाकणारा नसतो. रेडिएटरपुढील जाळीच्या पट्ट्या उजळ असतात, पण त्यांच्या मागच्या उतरत्या बाजू काळ्या रंगविलेल्या असतात. चाकाच्या हबकॅपवर ठशाने उठविलेल्या निर्मात्याच्या नावातील खोलगट जागा तांबड्या वा काळ्या रंगाने भरलेली असते. दारांवरून जाणाऱ्या बीडिंगच्या मधल्या चरीत गाडीच्या अंगाचाच रंग ओढलेला असतो. आणि बाजारात ज्याला मोनोग्राम म्हणतात त्या मानचिन्हात तर दोन-तीन रंग शेजारी शेजारी नांदत असतात. ही योजना केवळ हौसेची नाही. पूर्णतः उजळ पृष्ठभागाला स्वतःचे असे रूप राहत नाही. त्यात आकाश, रस्ता, झाडे व माणसे यांची प्रतिबिंबे इतकी मिसळतात की त्या वस्तूचा उठाव डोळ्यांना उमगतच नाही. त्या उजळपणाला जेथे गडद रंगाची मर्यादा घातली जाते तेथेच त्याचा आकार प्रकट होतो, अक्षर वाचता येते आणि पट्टी पट्टीपासून वेगळी दिसते.

हे तत्त्व दख्खनच्या कारागिराला नवे नव्हते. बहमनी राजधानी बीदर येथे जे बिदरी काम उदयास आले त्यात जस्त आणि थोडेसे तांबे यांच्या मिश्रधातूचे पात्र ओतून, त्यावर नक्षी कोरून, त्या खोबणीत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवितात. आणि शेवटी बीदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या लेपाने ते पात्र असे माखतात की जस्ताची जमीन गाढ काळी होते, परंतु चांदीला मात्र त्याचा स्पर्श होत नाही. काळ्या जमिनीवाचून ती चांदी केवळ चांदी राहिली असती. त्या काळेपणामुळे ती नक्षी झाली. मोटारीच्या ओतीव जस्ताच्या जाळीवर क्रोम चढवून तिच्या खोबणीत काळा रंग भरणाऱ्या पाश्चात्त्य कारागिराला बीदरचे नावही ठाऊक नसेल. पण धातू तोच आहे आणि उजेडाला अंधाराची चौकट देण्याची दृष्टीही तीच आहे. म्हणून दख्खनच्या भूमीवर या रंगकामाचा विचार करताना आपण परक्या कलेची उसनवारी करीत आहोत असा संकोच बाळगण्याचे कारण नाही.

मोटारीच्या अलंकरणाला धातूचा जो क्रम लाभला त्याचाही येथे संक्षेपाने उल्लेख केला पाहिजे. घोडागाड्यांच्या काळी रंगारी मंडळी लांब केसांच्या बारीक कुंचल्याने चाकांच्या आऱ्यांवर आणि पाट्यांवर एका श्वासात सरळ रेषा ओढीत. दिवे व कड्या पितळी असत. आरंभीच्या मोटारींनी हा सरंजाम जसाच्या तसा उचलला. पुढे १९१० नंतरच्या वर्षांत पितळेची जागा निकलच्या मुलाम्याने घेतली. परंतु निकल हवेने पिवळसर पडते व त्याला नित्य घासावे लागते. क्रोमियम हा धातू व्होक्लँ या फ्रेंच रसायनज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधला होता, आणि बुन्सेन या जर्मन रसायनज्ञाने १८५४ साली विजेच्या साहाय्याने तो द्रावणातून वेगळाही करून दाखविला होता. परंतु व्यवहारात उपयोगी पडेल अशी मुलाम्याची रीत सिद्ध होण्यास १९२४ साल उजाडावे लागले, जेव्हा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फिंक व एल्ड्रिज यांनी क्रोमिक आम्लाच्या द्रावणात गंधकाम्लाचे नेमके अल्प प्रमाण राखण्याचे मर्म हस्तगत केले. त्यानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकेतील गाड्या क्रोमने झळकू लागल्या. त्याच सुमारास ड्यूपाँ कंपनीच्या ड्यूको या सेल्युलोज रंगाने अंगरंगाचे काम आठवड्यांवरून दिवसांवर आणले, आणि १९२७ साली जनरल मोटर्स कंपनीने हार्ली अर्ल यांच्या हाती कला व रंग यांचे स्वतंत्र खाते सोपविले. गाडीचे रूप हा आता कारखान्यातील एक अधिकृत महकमा झाला.

वास्तविक क्रोमचा थर अत्यंत पातळ असतो. शोभेच्या कामात तो एका मायक्रॉनहूनही कमी भरतो, आणि गंजापासून खरे रक्षण त्याच्याखालचे तांबे व विशेषतः निकल करीत असते. शिवाय क्रोमिक द्रावणातून जाणारा प्रवाह उंचवट्यांकडे धावतो आणि खोल जागी कमी पोहोचतो. त्यामुळे खोबणीच्या तळाशी क्रोम विरळ बसून निकलची पिवळट छटा उघडी राहते. तेथे रंग भरला की ही उणीव झाकली जाई आणि आकृतीला उठावही मिळे. मानचिन्हांच्या बाबतीत तर याहून निकडीचे कारण होते. जुन्या मानचिन्हांवरील मीनाकारी म्हणजे धातूवर वितळवून बसविलेली रंगीत काच. तिला भट्टीत सुमारे ८०० अंश सेल्सिअस उष्णता द्यावी लागते. जस्त मात्र ४१९ अंशांवरच वितळते. म्हणजे तांब्या-पितळेची चिन्हे जाऊन जस्ताची स्वस्त ओतीव चिन्हे आली, तेव्हा मीनाकारी तेथे अशक्यच झाली आणि तिची जागा कुंचल्याच्या रंगाला घ्यावी लागली. असा हा रंग कारखान्याच्या काटकसरीतून आणि धातूच्या स्वभावधर्मातून जन्मला. परंतु जन्मल्यानंतर त्याने स्वतःची प्रतिष्ठा संपादन केली.

रंगाच्या या प्रतिष्ठेचे सुप्रसिद्ध उदाहरण म्हणजे रोल्स-रॉइसचे मानचिन्ह. त्यावरील दोन अक्षरे आरंभी तांबडी असत, आणि १९३० नंतरच्या काही वर्षांत ती काळी झाली. १९३३ च्या एप्रिलमध्ये कंपनीचे एक संस्थापक हेन्री रॉइस निवर्तले म्हणून शोकचिन्ह या नात्याने हा बदल घडला, अशी दंतकथा सर्वत्र पसरली. परंतु तांबडा रंग गिऱ्हाइकांनी पसंत केलेल्या अंगरंगांशी विसंगत दिसे, हेच कारण अधिक सयुक्तिक मानले जाते. आपल्याला येथे महत्त्वाचे आहे ते एवढेच की, नखाएवढ्या जागेतील रंगावरून जाणकार मनुष्य गाडीच्या काळाचा अंदाज बांधू शकतो. आणि ज्याने हौसेखातर काळ्या अक्षरांच्या गाडीवर तांबडी अक्षरे बसविली त्याने एका दस्तऐवजातील तारीखच खोडून टाकली, असे म्हटले पाहिजे.

आता बंगळूरकडे वळू. या नगराशी मराठी माणसाचे नाते शहाजी राजांच्या जहागिरीपासूनचे आहे, आणि लष्करी छावणीच्या जुन्या वस्तीतील एक गजबजलेला विभाग आज शिवाजीनगर या नावाने ओळखला जातो. १८०९ साली इंग्रजांनी येथे छावणी वसविली, तेव्हापासून गाड्या-घोडे, दुरुस्ती व रंगकाम यांची एक स्वतंत्र मागणी या नगरात निर्माण झाली. १९०५ साली कावेरीवरील शिवसमुद्रम् येथील वीज नगराच्या रस्त्यांवर आली. आणि मुलाम्याचा उद्योग हा सर्वस्वी विजेवर अवलंबून असल्याने, पुढील साऱ्या घडामोडींचा पाया तेव्हाच घातला गेला असे समजण्यास हरकत नाही. त्यानंतरच्या पिढीत सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनी मोटारीचा कारखाना उभारण्याचा ध्यास घेतला. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी केलेले व खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे महाराष्ट्राला परिचित असलेले हे म्हैसूरचे माजी दिवाण वयाची सत्तरी उलटल्यावर, १९३५ साली, युरोप-अमेरिकेतील मोटारींचे कारखाने स्वतः पाहून आले आणि त्यांनी योजनेचा तपशीलवार आराखडा तयार केला.

ती योजना सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी उचलली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी त्यांनी बोलणी केली, आणि सर मिर्झा इस्माईल यांच्या दिवाणगिरीतील म्हैसूर संस्थानाने कारखाना बंगळुरास व्हावा म्हणून साहाय्य देऊ केले. परंतु हिंदुस्थान सरकारने युद्धकाळाचे कारण पुढे करून अनुकूलता दाखविली नाही, आणि मोटारीची तजवीज तेथेच खुंटली. मात्र त्याच वालचंदांच्या व म्हैसूर दरबाराच्या भागीदारीतून डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा विमानांचा कारखाना बंगळुरात स्थापन झाला; १९४२ साली सरकारने वालचंदांचा हिस्सा खरेदी केला आणि पुढे युद्ध संपेपर्यंत तेथे अमेरिकी वायुदलाच्या विमानांची दुरुस्ती चालली. वालचंदांचा मोटार कारखाना प्रीमियर ऑटोमोबाइल्स या नावाने १९४४ साली स्थापन होऊन मुंबईत कुर्ल्यास उभा राहिला, आणि १९४७ पासून तेथून डॉज, प्लिमथ व डिसोटो या गाड्या जुळवून बाहेर पडू लागल्या. म्हैसूर संस्थानात याच सुमारास हरिहर येथे लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या परंपरेतील यंत्रांचा कारखाना आणि बंगळुरात किर्लोस्करांचा विजेच्या मोटरींचा कारखाना उभा राहिला. १९३७ साली म्हैसूरचे महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार यांनी म्हैसुरास लाखेच्या व रंगाच्या निर्मितीसाठी जो कारखाना काढला, तोच पुढे मतदारांच्या बोटांवरील शाईसाठी देशभर नावाजला. सारांश, लोखंड कातणारे, मुलामा चढविणारे व रंग कालविणारे हात या प्रांतात मुबलक झाले. मोटारीचा कारखाना आला नाही तरी तिची शुश्रूषा करणारे कसब येथे वाढीस लागले.

या कसबाला खरे आव्हान मिळाले ते टंचाईमुळे. दुसऱ्या महायुद्धात निकल व क्रोमियम ही लढाईची सामग्री ठरली, आणि १९४२ च्या आरंभी अमेरिकेत बंपर वगळता गाडीवरील चकाकीला बंदी झाली. ज्या पट्ट्या क्रोमच्या असावयाच्या त्या रंगविलेल्या निघाल्या, आणि फेब्रुवारीत तर खाजगी गाड्यांची निर्मितीच थांबली. पुन्हा १९५१-५२ च्या कोरियन युद्धात निकल दुर्मिळ झाल्यामुळे क्रोमखालचा निकलचा थर पातळ करण्यात आला किंवा सर्वस्वी वगळण्यात आला, आणि त्या वर्षांच्या गाड्यांची चकाकी अल्पायुषी ठरली. इकडे स्वतंत्र भारताच्या सरकारने १९४९ साली तयार मोटारींची आयात रोखली, आणि १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार, देशात क्रमाने सुटे भाग बनविण्याची हमी देणाऱ्या कंपन्यांनाच परवाना मिळेल असे ठरले. परिणामी जनरल मोटर्स व फोर्ड यांनी येथील जुळणीचे काम गुंडाळले. महाराष्ट्रात जिला लोक प्रेमाने डुक्कर फियाट म्हणत ती फियाट ११०० कुर्ल्याहून निघू लागली, आणि पुढील तीन दशके देशाची मदार मोजक्या तीन कंपन्यांच्या गाड्यांवर राहिली. ज्यांच्याजवळ आयात केलेली जुनी गाडी होती त्यांना तिचे सुटे भाग आता कोठूनही मिळणार नव्हते. गाडी टिकवावयाची तर जे आहे तेच पुन्हा पुन्हा दुरुस्त करावयाचे, हा एकच मार्ग उरला.

बंगळुरात या मार्गाचे तीन थांबे होते. टाऊन हॉलपासून मिनर्व्हा सर्कलकडे जाणाऱ्या जयचामराज रस्त्यावर, ज्याला सारे नगर जे. सी. रोड म्हणते, सुट्या भागांची दुकाने ओळीने मांडली गेली. शिवाजीनगरच्या गुजरीत, म्हणजे जुन्या मालाच्या बाजारात, मोडीत निघालेल्या गाड्यांचे अवयव विकले जाऊ लागले. आणि कलासीपाळ्याच्या मालवाहतुकीच्या परिसरात डेंटर, पेंटर व मिस्त्री यांची वस्ती झाली. या लोकांनी हजारो गाड्यांचे आयुष्य वाढविले आणि त्यांचे ऋण मान्य केल्यावाचून या नगरातील जुन्या गाड्यांचा इतिहास लिहिताच येणार नाही. परंतु टंचाईने जसे गाड्यांना वाचविले तसेच त्यांच्या खोबणीतील रंगांना नष्टही केले. निकल महाग म्हणून क्रोम पुन्हा चढविण्याऐवजी बंपरवर व जाळीवर सरसकट चंदेरी रंग फासला गेला. जेथे क्रोम चढविले गेले तेथे आधी आम्लाने जुना मुलामा उतरविण्यात आला, आणि त्याबरोबर मूळ रंगही विरून गेला. मग खड्डे बुजविण्यासाठी तांब्याचा जाड थर देऊन बफिंगच्या चाकावर तो भाग इतका घासण्यात आला की अक्षरांच्या कडा गोल झाल्या आणि खोबणी उथळ झाल्या. कारागिराच्या हाती जो तुकडा परत आला तो पाहण्यास लखलखीत होता, परंतु त्यावर कोणता रंग कोठे होता याची साक्ष पुसली गेली होती.

म्हणून जीर्णोद्धार करू पाहणाऱ्याचे पहिले कर्तव्य रंगविणे हे नसून शोधणे हे आहे. मुलाम्यासाठी तुकडा पाठविण्यापूर्वी त्याची छायाचित्रे घ्यावीत. स्क्रूच्या खाली, रबरी गॅस्केटच्या आड, अक्षरांच्या कोपऱ्यात जेथे ऊन व पाणी पोहोचले नाही तेथे मूळ रंगाचा कण बहुधा शिल्लक असतो, तो भिंगाखाली पाहून लिहून ठेवावा. आणि निर्मात्याची त्या वर्षाची माहितीपत्रके जुळवून पाहावीत. कृष्णधवल छायाचित्र येथे फसवे ठरते, कारण त्यात तांबडा रंगही पुष्कळदा काळ्यासारखा दिसतो. हा तपास संपला म्हणजे मगच कुंचला हाती घ्यावयाचा.

प्रत्यक्ष रंगकामातही क्रोम हा हट्टी पृष्ठभाग आहे. त्याच्यावर हवेने आपोआप बसलेला ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर त्याला गंजू देत नाही, पण तोच थर रंगालाही धरू देत नाही. आणि गुळगुळीतपणामुळे रंगाला पाय रोवण्यास जागाच मिळत नाही. यास्तव खोबणीतील मेण व तेल थिनरने काढून, लाकडाच्या बारीक काडीला वॉटर पेपर गुंडाळून केवळ खोबणीचा तळ घासावयाचा, आणि त्यावर धातूला पकडणाऱ्या प्रायमरचा विरळ हात द्यावयाचा. चकाकी राखावयाच्या भागाला मास्किंग टेपने झाकून घ्यावयाचे. त्यानंतर दोन रीती आहेत. रुंद चरीसाठी बारीक कुंचल्याने पातळ पातळ हात देत, प्रत्येक हात पुरता वाळू देत रंग चढवितात. उठावाच्या अक्षरांसाठी मात्र वेगळी युक्ती आहे : रंग अक्षरांसह सगळीकडे लावून टाकावयाचा, तो किंचित घट्ट होऊ द्यावयाचा, आणि मग सपाट लाकडी ठोकळ्यावर सुती कापड ताणून गुंडाळून, त्याला टर्पेंटाइनचा केवळ ओलावा देऊन, ते उंचवट्यांवरून हलकेच फिरवावयाचे. कापड ताणलेले असल्यामुळे ते खोबणीत उतरत नाही. उंच भाग उजळ होतो आणि खोलगट भागातील रंग जागच्या जागी राहतो. ऑइल इनॅमल असेल तर हे साधते. ड्यूकोसारखा सेल्युलोज रंग इतका झटपट वाळतो की त्याला ही युक्ती सोसत नाही. शिवाय सेल्युलोज रंगावर दमट हवेत पांढरी झाक येते, आणि बंगळुराला नैर्ऋत्य व ईशान्य असे दोन्ही पावसाळे लाभत असल्याने जाणते रंगारी त्या महिन्यांत घाई करीत नाहीत.

या कामाची एक कठोर बाजूही सांगितलीच पाहिजे. क्रोमिक आम्लातील षट्‌संयुजी क्रोमियम मनुष्याच्या देहास घातक आहे. त्याच्या वाफांनी कामगारांच्या नाकाच्या पडद्याला छिद्रे पडतात आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. बंगळूरच्या पीन्या औद्योगिक वसाहतीत मुलाम्याचे अनेक छोटे कारखाने दाटले, आणि तेथील भूजलात क्रोमियम उतरल्याचे तपासण्यांत आढळून आले आहे. ज्या चकाकीचा आपण सन्मान करतो तिची किंमत कोणाच्या विहिरीने आणि कोणाच्या श्वासाने दिली, याची जाणीव रसिकाने ठेवलीच पाहिजे. जेथे मूळ मुलामा अद्याप धड आहे तेथे तो उतरवून नवा चढविण्याचा मोह टाळावा, आणि केवळ खोबणीतील रंग नीट करून समाधान मानावे. याने साक्षही टिकते आणि विषही वाढत नाही. सुदैवाने त्रिसंयुजी क्रोमियमची कमी अपायकारक रीत आता प्रचारात येत आहे, जरी तिची झाक किंचित गडद असते.

हा विवेक आता जगन्मान्य होत आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने स्वीकारलेल्या तुरीन सनदेत जतन, संवर्धन, जीर्णोद्धार व दुरुस्ती यांतील भेद स्पष्ट केला असून, जे मूळ शिल्लक आहे ते शक्य तितके राखावे आणि केलेल्या प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवावी, असे तत्त्व मांडले आहे. आपल्याकडेही जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक खात्याने जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम जारी केले : प्रथम नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेले, मूळ स्वरूपात राखलेले आणि सांगाडा, अंग व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेले वाहन या वर्गात येते, त्याच्या नोंदणीसाठी २०,००० रुपये व नूतनीकरणासाठी ५,००० रुपये शुल्क आहे, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात, आणि नोंदणीची मुदत १० वर्षांची आहे. सरकारच्या दप्तरात मूळ स्वरूप या कल्पनेला अधिकृत स्थान मिळाले ही समाधानाची गोष्ट होय. तथापि हुकूमनामा सांगाडा व इंजिन यांच्यापर्यंतच पोहोचू शकतो. हबकॅपवरील अक्षरांचा रंग कोणता असावा, हे ठरविण्याचे दायित्व मालकाच्या व कारागिराच्या सद्सद्विवेकावरच राहते.

या दायित्वाची जाण वाढविण्यास सार्वजनिक प्रदर्शने साहाय्यभूत ठरू शकतात. श्रीरंगपट्टणानजीक धर्मस्थळाचे धर्माधिकारी वीरेंद्र हेग्गडे यांच्या संग्रहातील गाड्यांचे संग्रहालय बंगळूर-म्हैसूर रस्त्याने जाणाऱ्या प्रवाशाला सहज पाहता येते. कोल्हापुरास दसऱ्याच्या सोहळ्यात छत्रपती घराण्याची मेबॅक गाडी आजही मिरवणुकीत निघते आणि आबालवृद्ध तिच्या दर्शनास गर्दी करतात. अशा प्रसंगी पाहणाऱ्यांनी चकाकीने दिपून न जाता खोबणीतही डोकावावे, आणि संग्राहकांनी गाडीच्या बाजूला यंत्राची माहिती लावतात तशी रंगांच्या तपासाची माहितीही लावावी, अशी माझी मनःपूर्वक विनंती आहे. त्याचबरोबर जे. सी. रोड व शिवाजीनगर येथील वृद्ध रंगाऱ्यांच्या स्मरणात कोणत्या गाडीवर कोणता रंग होता याचा जो साठा आहे, तो त्यांच्या हयातीतच लिहून घेतला गेला पाहिजे. कारण त्यांनी त्या गाड्या नव्या असताना पाहिल्या आहेत, आणि हे ज्ञान कोणत्याही माहितीपत्रकात मिळणार नाही.

इतिहास म्हणजे केवळ राजांचे तह आणि कारखान्यांचे भांडवल नव्हे. वस्तू घडविणाऱ्या हातांनी जे निर्णय घेतले त्यांचाही तो वृत्तान्त आहे. एखाद्या अनाम कामगाराने कुर्ल्यास किंवा डेट्रॉइटला एका अक्षराच्या पोकळीत तांबडा रंग भरला, तो त्या अक्षराला वाचनीय करण्यासाठी. पुढे टंचाईच्या काळात बंगळूरच्या दुसऱ्या अनाम कामगाराने त्यावर चंदेरी रंग फासला, तो गाडी चालती ठेवण्यासाठी. या दोघांपैकी कोणाचाही अव्हेर न करता, पहिल्याचा हेतू शोधून काढणे व दुसऱ्याच्या कष्टांची नोंद ठेवणे, हे जीर्णोद्धाराचे खरे शास्त्र आहे. जो हे शास्त्र पाळील त्याच्या हातून गाडी नवी होणार नाही, ती खरी होईल. आणि ज्या नगराला मोटार घडविण्याचा मान लाभला नाही, त्या नगराने मोटारीचे सत्य जतन करण्याचा मान स्वतःच्या परिश्रमाने मिळवावा, याहून उचित अशी दुसरी भरपाई मला दिसत नाही.